पात्र आणि अपात्र

घरकुलांची यादी ग्रामसभेपुढे वाचली जात असता मी एकदा सहज उपस्थित होतो. नाव उच्चारावे, क्षणभर थांबावे आणि मग ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा निवाडा द्यावा, अशा ठरीव लयीत ग्रामसेवकांचे वाचन चालले होते, आणि पारावर बसलेली मंडळी पाडव्याचे पंचांग ऐकावे तशा निर्विकारपणे ते ऐकत होती. एका म्हातारीच्या नावापुढे ‘अपात्र’ आले, तेव्हा ती शेजारणीला मोठ्याने म्हणाली, ‘‘म्हंजी आमचं भांडं फुटकं म्हनायचं!’’ सभेत हशा पिकला. ग्रामसेवकही हसले आणि पुढच्या नावाकडे वळले. मला मात्र त्या दिवसापासून हा शब्द स्वस्थ बसू देत नाही. कारण अर्ज, दाखला, मंजुरी, हप्ता या दरबारी शब्दांच्या गर्दीत हा एकच शब्द असा आहे, की जो मामलेदाराच्या कचेरीतून आलेला नसून थेट धर्मशास्त्रातून आलेला आहे.

सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना गीतेच्या सतराव्या अध्यायात देश आणि काल यांच्या जोडीला पात्राची गणना केली आहे. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, म्हणजे साऱ्या राज्याचे दप्तर ज्याच्या हाताखाली होते तो पुरुष, ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या प्रचंड ग्रंथाचा एक अख्खा खंड दानाच्याच विचाराला देतो. राज्याचा हिशेब आणि दानाचा धर्म हे दोन्ही एकाच माणसाच्या चिंतनात एकत्र नांदावेत, ही गोष्ट आजच्या मंत्रालयाला सुचणार नाही, इतकी विलक्षण आहे. पण या शास्त्रपरंपरेने दानाविषयी केवळ घेणाऱ्याच्या योग्यतेचाच प्रश्न विचारलेला नाही. आपले स्वत्व निवृत्त होऊन दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न झाले, तरच ते दान, अशी तिची व्याख्या आहे; म्हणजे देणाऱ्याने वस्तूवरचा हात खरोखर काढून घेतला की नाही, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. सरकारी दप्तराने या वारशातला पहिला प्रश्न जपून ठेवला आणि दुसरा गाळला, असे मला वाटते. आणि हे गाळणे इंग्लंडच्या एका अलीकडच्या प्रयोगात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल.

त्या देशात गरिबाच्या पात्रतेची छाननी हा राज्यकारभाराचा फार जुना शिरस्ता आहे. 1601 च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागावर, आपापल्या गरिबांचा भार टाकला, आणि 1662 च्या कायद्याने परगावच्या निर्धनास त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडण्याची मुभा दिली. 1834 साली तर असे तत्त्व ठरले की, आश्रयगृहातील माणसाची स्थिती बाहेरच्या सर्वांत हलाखीच्या मजुराहूनही कमी सुखाची असावी, म्हणजे मदत मागण्याचा मोह कोणास होणार नाही. 1977 साली बेघरांस घर देण्याचे कर्तव्य कायद्याने स्थानिक कौन्सिलांवर आले, हे पाऊल मोठेच होते. पण त्याच कायद्यात अर्जदाराची गरज अग्रक्रमाची आहे काय, त्याचा या गावाशी संबंध आहे काय, आणि तो जाणूनबुजून बेघर झाला आहे काय, हे प्रश्नही आले. जाणूनबुजून बेघर होणे! भाडे थकविल्यामुळे जो रस्त्यावर आला, त्याच्या कर्माचा हिशेब घेण्यास चित्रगुप्ताऐवजी कौन्सिलचा कारकून बसला, एवढाच काय तो फरक.

या छाननीच्या सोबतीने एक जिना उभा राहिला. रस्त्यावरचा माणूस प्रथम रात्रीच्या निवाऱ्यात, मग वसतिगृहात. तेथे त्याने दारू सोडावी, औषधे नियमाने घ्यावीत, शिस्त अंगी बाणवावी. आणि इतक्या पायऱ्या न घसरता चढल्यावर शेवटी त्याला स्वतःच्या दाराची किल्ली मिळावी. वेदान्त्यांचा अधिकारभेद याहून निराळा नव्हे: आधी विवेक, वैराग्य, शमदमादी संपत्ती आणि मुमुक्षा, आणि त्यानंतर ज्ञानाचा उपदेश. या जिन्याविरुद्ध 1992 साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने उलटा क्रम मांडला. घर आधी, अट मागून. किंबहुना अट नाहीच. व्यसन, आजार, कर्ज या साऱ्यांशी झुंज द्यावयाची असेल, तर ती फुटपाथवरून देता येत नाही, दार लावून घेता येईल अशा खोलीतूनच देता येते, असा त्याचा साधा युक्तिवाद होता. ‘हाउसिंग फर्स्ट’ या नावाने हा विचार पसरला. फिनलंडने 2008 पासून तो राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारला आणि सामुदायिक निवारे मोडून त्यांची स्वतंत्र बिऱ्हाडे केली. 2017 च्या नोव्हेंबरातील अंदाजपत्रकात इंग्लंडच्या सरकारनेही ग्रेटर मँचेस्टर, लिव्हरपूल आणि वेस्ट मिडलंड्स या तीन प्रदेशांतील स्थानिक संस्थांसाठी, प्रायोगिक तत्त्वावर, 2 कोटी 80 लाख पौंडांची तरतूद केली.

मराठी माणसाला या कल्पनेचे नवल वाटू नये. रामेश्वरास नेण्यासाठी कावडीने आणलेले गंगाजल एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेथे गाढवाची पात्रता कोणती, असे कोणी विचारीत नाही, कारण तहान हीच त्याची पात्रता होती. भक्तिमार्गाने अधिकारभेदाला दिलेले उत्तर हेच होते की, शुद्ध होऊन मग नाम घ्यावयाचे नसते, तर नाम घेता घेता शुद्ध व्हावयाचे असते. घराविषयी हीच गोष्ट न्यूयॉर्कात आणि हेलसिंकीत म्हटली गेली, फक्त ती मृदंगावाचून म्हटली गेली.

पण येथे एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. नाथांच्या कावडीपुढे गाढव एकच होते. कौन्सिलपुढे बेघर पुष्कळ आणि घरे मोजकी, तेव्हा ज्याची दुर्दशा सर्वांत अधिक त्यालाच प्रयोगात प्रवेश, असा नियम करणे भाग पडते. म्हणजे पुढच्या दारातून घालविलेली पात्रता मागच्या दारातून येऊन बसते. पूर्वी सद्गुण सिद्ध करावे लागत, आता अधःपात सिद्ध करावा लागतो. आपल्याकडच्या घरकुल योजनेतही हेच दिसते: 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेवर आधारलेल्या निकषांत प्रारंभी मोटारसायकल, फ्रीज, इतकेच काय, घरातला साधा दूरध्वनीदेखील माणसास यादीबाहेर काढण्यास पुरेसा होता, आणि पोटाला चिमटा घेऊन ज्याने भिंत पक्की करून घेतली, त्याच्या काटकसरीचे बक्षीस त्याला ‘अपात्र’ या एका शब्दात मिळे. त्या म्हातारीचे भांडे फुटके नव्हते. कदाचित तिने ते वेळीच डाग देऊन घेतले होते.

याहून खोल शंका मीमांसकांनी फार पूर्वी काढून ठेवली आहे. विश्वजित यज्ञात सर्वस्व द्यावयाचे असते. मग राजाने पृथ्वीही दान करावी काय? जैमिनीच्या मताने नाही. शबरस्वामी स्पष्ट करतात की पृथ्वी राजाच्या मालकीची नव्हे, ती सर्वांची आहे, राजा केवळ रक्षणकर्ता आहे. हा न्याय खजिन्याला लावला, तर सरकारने दिलेले घर हे दान ठरतच नाही, कारण जे आपले नाही त्याचे स्वत्व कोण सोडणार? ते सर्वांच्या ठेवीतून एकाला पोचविलेले त्याचे हक्काचे माप ठरते, आणि मग पात्र हा शब्दच तेथे चुकीच्या घरी येऊन राहिला आहे, असे म्हणावे लागते. परंतु ठेव सर्वांची असल्यामुळेच विश्वस्ताला हिशेबही द्यावा लागतो, पैसा वाया गेला नाही हे दाखवावे लागते. आणि म्हणून आधी प्रयोग, मग विस्तार, ही सावधगिरी मी सर्वस्वी निंद्य मानीत नाही. कॅनडात 2008 पासून पाच शहरांत असा प्रयोग झाला, तेव्हा 2,000 हून अधिक बेघरांची सोडतीच्या न्यायाने विभागणी करून काहींना घर आणि काहींना नेहमीचीच व्यवस्था देण्यात आली. शेवटच्या सहा महिन्यांत सतत घरात राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 62 टक्के, दुसऱ्यात 31 टक्के निघाले. हे आकडे मिळाले म्हणून पुढे अनेकांचे कल्याण झाले असेल, हे मी मान्य करतो. तरी ज्याच्या नावाची चिठ्ठी दुसऱ्या गठ्ठ्यात पडली, तो थंडीच्या रात्री ज्ञानाची किंमत चुकवीत होता, हे मला विसरता येत नाही.

इंग्लंडात अशी सोडत नव्हती. तेथील पेच निराळा, आणि माझ्या मते अधिक बोलका आहे. या पद्धतीत घराइतकीच महत्त्वाची असते ती सोबत. एका कार्यकर्त्याकडे पाच-सात माणसांहून अधिक द्यावयाची नाहीत, त्याने बँकेत, दवाखान्यात, कौन्सिलच्या कचेरीत बरोबर जावे, दार उघडले नाही तरी पुन्हा यावे, भाडेकरार मोडला तरी माणूस सोडू नये. आणि ही सोबत गरज असेल तोपर्यंत चालावी, तिला कालमर्यादा नसावी, हे या पद्धतीच्या मूलतत्त्वांपैकीच एक आहे. ज्याला आयुष्यभर प्रत्येक दारावर मुदत सांगितली गेली, त्याचा विश्वास बसावयाचा तर हे एवढे वचन अमुदत असलेच पाहिजे. पण प्रयोगाचा पैसा मात्र मोजक्या वर्षांचा. मुदत संपत आली की वाढ मिळे, वाढीची मुदत संपत आली की कौन्सिले पुन्हा लंडनकडे डोळे लावून बसत, आणि दरम्यान कार्यकर्ते दुसरी नोकरी शोधू लागत. गाडगेबाबांनी पंढरपुरास, नाशकास, आळंदीस धर्मशाळा बांधविल्या आणि स्वतः त्यांत बिऱ्हाड केले नाही. हात काढून घेणे कशाला म्हणतात, ते तेथे दिसते. येथे देणाऱ्याने घराची किल्ली दिली, परंतु किल्लीला बांधलेली दोरी आपल्या बोटाला गुंडाळूनच ठेवली होती.

मँचेस्टरच्या एखाद्या गल्लीत, बऱ्याच वर्षांनी प्रथमच स्वतःच्या दाराला आतून कडी लावून निजलेल्या माणसाला त्या दोरीची कल्पना बहुधा नसते. मंगळवारी येणारा सोबती पुढच्या मंगळवारीही येईल, एवढे त्याला ठाऊक असते. त्या सोबत्याच्या नेमणुकीच्या हुकुमावर 31 मार्च ही तारीख लिहिलेली असते, आणि ती त्याला कशी सांगावी, या विचारात सोबती जिना चढत असतो.