दैव पाचवं

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव शेवटी येतं. बुऱ्हाणपुरातल्या आमच्या लालबागच्या गीतावर्गात हा श्लोक मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. या उन्हाळ्यात मात्र तो माझा पिच्छा सोडत नाही. आमच्या सात जणांच्या जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स गेला, आणि घरातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी कारणांची यादी शेवटून वाचायला घेतली.

ओंकारेश्वराला निघालो होतो. निंबोला मागे पडलं, असीरगडचा चढ लागला आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. काटा वर चढतोय, गाडी मात्र मंदावतेय. मुलानं बाजूला घेऊन थांबवली, पुन्हा डी-वर टाकली; बराच वेळ काहीच झालं नाही, मग एक हिसका बसला आणि त्यानंतर चाकांनी मान टाकली. वन्सं म्हणाल्या, "अमावास्येला निघू नका म्हणत होते मी." जाऊबाईंना नव्या सीट-कव्हरांना लागलेली दृष्ट आठवली. ह्यांनी साडेसातीचा हिशोब मांडला. ही माणसं अडाणी नाहीत. प्रत्येकाचं गीतेवर प्रेम आहे. म्हणूनच मला वाईट वाटलं.

कारण हीच गाडी गेली काही वर्षं आम्हाला शेगावला, शिर्डीला, लग्नाकार्याला नेत होती, तेव्हा कुणी दैवाचं नाव काढलं नव्हतं. तेव्हा मुलगा उत्तम चालवत होता, ह्यांनी पारखून घेतली होती. चालली तेव्हा मी, थांबली तेव्हा दैव. तिसऱ्या अध्यायात भगवंत ज्याला अहंकारानं मूढ झालेला म्हणतात, तो हाच. गुणांनी केलेलं काम तो आपल्या नावावर लिहितो. मला वाटतं, अपयश दैवाच्या नावावर लिहिणं हा त्याच अहंकाराचा दुसरा हात आहे. दोन्ही वेळा मधली कारणं त्याच्या नजरेआड राहतात.

आणि ऑटोमॅटिक गाडीत ती नजरेआड राहणं फार सोपं असतं. हाताच्या गियरच्या गाडीत डाव्या पायाला क्लच कळतो, दाते नीट बसले नाहीत तर तळहाताला कळतं. इथे इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये घट्ट सांधाच नसतो. मध्ये तेल असतं. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरू लागतो, तसं इंजिनाचं बळ तेलातून पुढे जातं. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं ही युक्ती १९०५ मध्ये जहाजांसाठी काढली. मोटारीत ती मागाहून आली. पुढे तेच तेल दाबाखाली बारीक वाटांनी फिरतं, क्लचच्या प्लेटी आवळतं, सोडतं, गियर बदलतं आणि स्वतःच सगळ्याला थंडही ठेवतं. ह्यातलं काहीही चालवणाऱ्याला दिसत नाही. गीतेच्या शब्दांत सांगायचं तर करणं आणि चेष्टा एका बंद डब्यात गेल्या आहेत. बाहेर उरलाय तो कर्ता आणि त्याचं 'मी चालवतो'.

रस्त्यावर एका ट्रॅक्टरवाल्यानं मोठ्या मायेनं दोर बांधून टोचन करायची तयारी दाखवली. मिस्त्रींनी फोनवरच अडवलं. इंजिन बंद असलं की तेलाचा पंपही बंद, आणि पुढची चाकं रस्त्यावर फिरत राहिली तर आतलं सगळं कोरडं घासतं. गाडी सपाट पाट्याच्या ट्रकवरून गावात आली. मिस्त्रींनी खालचा बोल्ट सैल केला. ताजं तेल लालचुटुक असतं, जळलेलं काळपट आणि करपट वासाचं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. दुधात गुलाबाचं सरबत ओतावं तशा रंगाचं ते घट्टसर पाणी होतं. "माताजी, इसमें पानी गया है," ते म्हणाले. मग रेडिएटर खोलून दाखवला. गियरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. आमच्याआधी ही गाडी जिथे कुठे राहिली, तिथे कुणीतरी कूलंटऐवजी साधं बोअरचं पाणी भरत राहिलं होतं. नळीला गंज लागून बारीक भोक पडलं, पाणी तेलात शिरलं आणि प्लेटींवरच्या अस्तराचा गोंद सुटला. कदाचित किती तरी आठवडे हे चाललं असेल. अमावास्येच्या आधीपासून.

गाव सोडून बाहेरचं उदाहरण कशाला शोधू? १६१५ मध्ये अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात तबकुतुल अर्ज या इराणी जाणकारानं इथे कुंडी भंडारा बांधला. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून वाहणारं पाणी बोगद्यात धरलं, शंभराहून जास्त कुंड्या एका रांगेत खोदल्या आणि केवळ उतारावर ते शहरात आणलं. ना मोट, ना पंप. चारशे वर्षं ते पाणी आपोआप येतंय. आणि आपोआप येतंय म्हणूनच वर राहणाऱ्यांना त्याचा विसर पडतो. लिफ्टनं खाली उतरलं की भिंतींवर चुन्याचे थर जमलेले दिसतात. बोगदा अरुंद होतोय, भोवती बोअर खोदल्या जात आहेत. उद्या पाणी आटलं तर आम्ही काय म्हणू, याची मला भीती वाटते. पावसानं दगा दिला म्हणू. थर कुणीही मोजत बसणार नाही.

टिळकांनी गीतारहस्यात या पाचव्या कारणाचा अर्थ लावलाय तो मला फार मोलाचा वाटतो. माणसाच्या प्रयत्नाला सृष्टीतल्या असंख्य व्यापारांची जोड लागते. त्यातले जे माणसाला ठाऊक नाहीत, ते दैव. म्हणजे दैवाची हद्द कायमची आखलेली नाही. ह्याच गावात १६३१ च्या जून महिन्यात मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. बादशहाची बेगम, हकीम, दाया, औषधं, कशाला तोटा नव्हता. तिला तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत आधी पुरलं, मग देह आग्र्याला नेला. त्या रात्री शाहजहान दैवाला बोल लावत असेल तर मी त्याला चूक म्हणणार नाही. रक्तस्राव थांबवायचं ज्ञान तेव्हा पृथ्वीवर नव्हतं. पण आज एखादी बाई वेळेवर दवाखान्यात न पोचल्यामुळे तशीच गेली आणि आपण तोच शब्द वापरला, तर ते पाप आहे. न कळलेलं आणि न पाहिलेलं, ह्यात मी ठाम रेघ ओढते. पहिल्याला दैव म्हणावं. दुसऱ्याला म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

बुऱ्हाणपुराला हे सांगायला बाहेरच्या पंडिताची गरज नव्हती. एकोणिसाव्या शतकात पूरणसाहेबांनी इथे बीजकावर 'त्रिज्या' ही टीका लिहिली. त्यांची कबीरपंथी परंपरा पारख मानते, म्हणजे तपासल्याशिवाय काही स्वीकारायचं नाही. त्यांच्या मठाचं नावच निर्णय मंदिर आहे. मी त्या पंथाची नाही, माझ्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण आहे. पण पारखेवाचूनची भक्ती मला लुळी वाटते.

वन्संनी मात्र मला सहज सोडलं नाही. त्यांचं वाचन दांडगं. "अगं, सगळ्यालाच कारण असेल तर देवापुढे हात कशाला जोडायचे?" हा प्रश्न खरा आहे. माझं उत्तर मला शंकराचार्यांच्या भाष्यात सापडतं. तिथे दैव म्हणजे कपाळी लिहिलेलं नव्हे. इंद्रियांना साह्य करणाऱ्या आदित्यादी देवता. डोळा आहे, पण सूर्य नसेल तर डोळ्याला दिसेल काय? ज्ञानेश्वरीही याच वाटेनं जाते. म्हणजे दैव पाहण्याच्या आड येत नाही. त्याच्याच बळावर आपण पाहतो. मी हात जोडते ते कारणं रद्द व्हावीत म्हणून नाही. माझ्या डोळ्यांना दिसावं म्हणून जोडते. मिस्त्रींनी टॉर्च धरून ते गुलाबी पाणी दाखवलं, त्या क्षणी माझ्या मनात कृतज्ञता होती, आणि ती प्रार्थनेहून वेगळी नव्हती. गाडी घाटाच्या उतरणीवर न थांबता चढावर, बाजूला जागा असताना थांबली, त्याचंही कारण असेल. मला ते ठाऊक नाही. तिथे मी टिळकांच्या अर्थानं दैव म्हणते आणि नमस्कार करते.

त्यावर वन्सं म्हणाल्या, "पाहायलाही ऐपत लागते." इथे मी थबकले. माझे वडील एका कापडगिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापसाची बारीक धूळ श्वासातून आत जाते, सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळते, आणि पुढे ती आवळलेलीच राहते. हा रोग वैद्यकशास्त्राला तेव्हाही माहीत होता. आईला माहीत नव्हता. ती नशीब म्हणाली आणि त्यावर आयुष्य काढलं. तिला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. तिच्यासाठी ते खरोखरच पाचवं कारण होतं. पण ज्यांना ठाऊक होतं, ज्यांच्या हातात धूळ कमी करणं होतं, त्यांच्यासाठी ते पाचवं नव्हतं. त्यांनी तिचं दैव आपल्या सोयीनं वापरलं. आज या शहरात पॉवरलूमच्या खोल्यांमधून तीच धूळ उडते, आणि ज्यांची छाती भरते ती माणसं दर्ग्यात आणि देवळात जाऊन तोच शब्द उच्चारतात. म्हणजे एकाचं अज्ञान हे दुसऱ्याचं कर्म असू शकतं. चौदाव्या श्लोकाचा हा अर्थ मला कुठल्या भाष्यात मिळालेला नाही.

गाडीला इंदूरहून आणलेला जुना गियरबॉक्स बसतोय, रेडिएटर नवा. सासूबाईंनी लिंबू उतरवून टाकायचं म्हटलंय. मी हो म्हटलं आहे, कूलंट भरल्यानंतर. पुढच्या गुरुवारी वर्गात तेरा ते सोळा हे श्लोक पुन्हा घ्यायचे आहेत, आणि वन्सं आपला ऐपतीचा प्रश्न वहीत लिहून आणणार आहेत.