अकरावा दिवस



नाताळच्या स्नेहसंमेलनासाठी आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींनी यंदा स्वतः एक नाटिका लिहिली आहे. आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात तिचे वाचन ऐकायला मी हॉलमध्ये जाऊन बसलो. कथा अशी: आपल्याच गावची एक मुलगी अंतराळस्थानकावर नोकरीला आहे. तिला नाताळची दहा दिवसांची सुट्टी मिळते, पण पृथ्वीवर यायला यान नाही. त्याच स्थानकावर दुसऱ्या ग्रहावरचा एक तरुण सुट्टी घालवायला आलेला असतो. दोघांची ओळख होते. काचेतून दोघे तारे पाहतात, प्रेमात पडतात. दहाव्या दिवशी दोन याने दोन दिशांना निघून जातात, दुःखी गाणे वाजते आणि पडदा पडतो.

वाचन संपल्यावर एका मुलाने विचारले, "फादर, समजा हे दोघे लग्न लावायला आपल्या चर्चमध्ये आले, तर तुम्ही लावाल का?" सगळे हसले. मीही हसलो. मागच्या बाकावरचे एक वयस्कर गृहस्थ मात्र हसले नाहीत. "नाताळात गोठ्याचे नाटक सोडून हे काय चालवले आहे?" असे म्हणून ते उठून गेले.

त्या मुलाचा प्रश्न आणि त्या गृहस्थांचा राग, दोन्ही त्या रात्री माझ्याबरोबर खोलीत आले. आज पवित्र कुटुंबाचा सण आहे. प्रेम, घर आणि परके माणूस यांच्याविषयी बोलायला याहून योग्य रविवार कोणता?

प्रथम एक गैरसमज दूर करू. परग्रहावरील जीवांचा विचार करणे श्रद्धेच्या विरुद्ध आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. 1277 साली पॅरिसच्या बिशपांनी काही मते त्याज्य ठरवली. देव एकाहून अधिक विश्वे निर्माण करू शकत नाही, हे त्यांतले एक मत होते. देवाला आपण मर्यादा घालायच्या नाहीत, हा त्यामागचा विचार. व्हॅटिकनची स्वतःची वेधशाळा आहे. तिचे तेव्हाचे संचालक, येशूसंघीय फादर फ्युनेस यांनी 2008 साली एका मुलाखतीत सांगितले होते की, अन्यत्र जीवसृष्टी असू शकते असे मानल्याने आपल्या श्रद्धेला बाध येत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये या वेधशाळेची धुरा फादर रिचर्ड डिसूझा यांच्याकडे आली. ते येशूसंघाच्या गोवा प्रांताचे आहेत, याचा आपल्याला आनंद वाटायला हरकत नाही. पोप फ्रान्सिस यांनीही 2014 साली एका प्रवचनात, मंगळावरचे कोणी स्नानसंस्कार मागायला आले तर काय, असा प्रश्न करून ऐकणाऱ्यांना विचारात पाडले होते. दार अडवणारे आपण कोण, असा त्यांचा रोख होता.

विज्ञानाचे म्हणाल, तर सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह 1995 साली सापडला. 2025 पर्यंत अशा परक्या ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. त्यांपैकी एकावरही जीव असल्याचा पुरावा अद्याप मिळालेला नाही. म्हणजे आपल्या मुलांची नाटिका हा एक विचारप्रयोग आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना असे प्रयोग आम्ही पुष्कळ करत असू. जे घडलेले नाही त्याची कल्पना करायची आणि त्या उजेडात, जे रोज घडते ते पाहायचे.

तर पहिला प्रश्न: हा परग्रहवासी 'कोण' आहे, की 'काय' आहे? सहाव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ बोएथियस याने 'व्यक्ती' या शब्दाची व्याख्या केली, ती आजही आम्ही शिकतो. तिचा गाभा हा की, व्यक्तित्व विवेकशील स्वभावावर ठरते. हातपाय किती, रंग कोणता, यावर ते ठरत नाही. देवदूतांना शरीर नाही, तरी ते व्यक्ती आहेत. तेव्हा जो सत्य जाणू शकतो, वचन देऊ शकतो आणि दुसऱ्याचे भले इच्छू शकतो, तो हिरवा असो की निळा, तो 'कोणीतरी' आहे. त्याच्यावर प्रेम करणे शक्य आहे, आणि त्याला वस्तूसारखे वापरणे पाप आहे.

हे सोपे वाटते. इतिहास सांगतो की ते सोपे नाही. कोलंबस 1492 साली अमेरिकेला पोहोचला. तिथल्या लोकांना पूर्ण माणूस मानावे की नाही, यावर ख्रिस्ती लोकांत वाद झाला. शेवटी 1537 साली पोप तिसरे पॉल यांना जाहीर करावे लागले की, ही माणसेच आहेत, श्रद्धा स्वीकारण्यास पात्र आहेत आणि त्यांना गुलाम करू नये. पंचेचाळीस वर्षे लागली! आणि तरीही गुलामगिरी थांबली नाही. एकाच पृथ्वीवर, एकाच आदामाच्या लेकरांना आपण परग्रहवासी करून ठेवले होते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात मैत्रीचा सखोल विचार केला आहे. तो म्हणतो की दोघांत काही अंतर असले तरी मैत्री टिकते, पण अंतर फारच वाढले तर ती संभवत नाही. देव आणि माणूस यांच्यात इतके अंतर आहे की तिथे मैत्रीचा प्रश्नच येत नाही, असे त्याचे मत. आणखी एक व्यवहाराची गोष्ट तो सांगतो. एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. आपणही मिठाला जागण्याची भाषा करतो. ओळखीला वेळ लागतो, सवय लागते, रोजचे जेवण लागते.

आता मुलांच्या नाटिकेकडे पुन्हा पाहा. त्यातला परग्रहवासी पहिल्याच प्रवेशात शुद्ध मराठी बोलतो. नायिकेला जे गाणे आवडते तेच त्याला आवडते. तो रागावत नाही, आजारी पडत नाही, त्याला आईवडील नाहीत. मी मुलांना म्हणालो, "बाळांनो, हा परका नाहीच. हा तिचा आरसा आहे. ती स्वतःच्याच प्रेमात पडली आहे." हसू नका. आपल्यापैकी किती जण लग्नाआधी अशाच आरशाच्या प्रेमात असतात! आपल्या गावातील कितीतरी तरुण बोटीवर किंवा आखातात नोकरीला आहेत. नाताळला तीन-चार आठवड्यांच्या रजेवर येतात. नवे कपडे, रोषणाई, केक, पाहुणे. याच दिवसांत मुली पाहिल्या जातात, साखरपुडे होतात. त्यात वाईट काही नाही. माझ्या हातून अशी अनेक लग्ने लागली आहेत आणि ती सुखाची आहेत. पण रजेतला माणूस हा संपूर्ण माणूस नव्हे. रजा संपते आणि मग दुसऱ्याचे खरे परकेपण हळूहळू समोर येते. त्याचे घोरणे, तिचा अबोला, त्याची काटकसर, तिच्या माहेरची ओढ.

म्हणून मी मुलांना विचारले, "तुमचे नाटक दहाव्या दिवशी का संपते?" त्यांतली एक मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली, "फादर, अकराव्या दिवसाचे काय लिहायचे ते सुचेना." मला वाटते, प्रेमाविषयीचा सगळा नैतिक प्रश्न या एका वाक्यात आहे. वियोगामुळे प्रेम अमर झाले, असे आपण म्हणतो. खरे तर त्याची परीक्षा टळलेली असते.

कोणी म्हणेल, "मग दहा दिवसांचे ते प्रेम खोटेच का?" तसे मी म्हणणार नाही. 'पीके' हा चित्रपट 2014 साली नाताळच्या तोंडावर आला, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातला परग्रहवासी एका मुलीवर प्रेम करतो आणि तिला काही न मागता आपल्या ग्रहावर निघून जातो, कारण तिचे सुख दुसरीकडे आहे हे त्याला कळते. दुसऱ्याचे भले इच्छिणे हेच प्रेम, अशी संत थॉमस अक्वायनसची शिकवण आहे. त्या कसोटीला ते उतरते. प्रेमाला नेहमी मालकी लागत नाही. काही प्रेमांचे कर्तव्य निरोप देणे हेच असते.

आणि त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर? ते मी त्याला सरळ दिले. "नाही बाळा, ते लग्न मला लावता येणार नाही. विवाह संस्कार एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यासाठी आहे. दोघे एकदेह होतात, लेकरांचे स्वागत करतात, ते मानवी देहाशी बांधलेले आहे. पण तो चर्चच्या दारात आला तर त्याला बाहेर उभे करणार नाही. त्याला बसायला बाक देईन आणि जेवायला थांब म्हणेन." लग्न हा प्रेमाचा एक मार्ग आहे, मैत्री दुसरा. देवाने तर आपल्याला शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितले आहे, आणि शेजारी कोण हे आपल्याला निवडता येत नाही.

आता ॲरिस्टॉटलकडे परत जाऊ. देव आणि माणूस यांच्यात मैत्री शक्य नाही, या त्याच्या मताला आपण काय उत्तर द्यावे? संत थॉमस म्हणतात की ख्रिस्ती प्रीती ही देवाशी मैत्रीच आहे. ती शक्य होते, कारण देव आपले सुख आपल्याला वाटून देतो. म्हणजे अंतर आपण कापलेले नाही, त्याने कापले आहे. आणि तो सुट्टीवर आला नव्हता. तारा दिसला, मेंढपाळ आले, मागी लोक भेटी देऊन परत गेले. नाताळचा देखावा तिथे संपतो. प्रभू येशू मात्र राहिला. इजिप्तमध्ये निर्वासित म्हणून राहिला, नाझरेथला सुतारकाम करीत राहिला. लोकांपुढे आला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. शुभवर्तमानात त्या वर्षांची फारशी हकिकत नाही. ते सगळे अकरावे दिवस होते. योसेफ, मरिया आणि तो, रोजचे मीठ एकत्र खात होते. आजच्या सणाचा अर्थ हाच आहे.

17 डिसेंबरच्या मिस्सेत आपण प्रभूची वंशावळ ऐकली. त्या नावांत रूथचे नाव आहे. ती मवाबी, म्हणजे परकी. मवाबी लोकांना परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता, असा जुन्या करारातला नियम. नवरा वारल्यावर ती माहेरी परत जाऊ शकली असती. पण म्हाताऱ्या सासूला, नामीला, तिने एकटे सोडले नाही. अनोळखी गावात दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून तिने सासूला जेवू घातले. तीच पुढे दावीद राजाची पणजी झाली. परकी सून घरात राहिली, म्हणून आपल्या तारणाऱ्याची वंशावळ पुढे गेली.

हे मी मुद्दाम शेवटी लिहितो आहे. वाचनातून उठून गेलेले ते गृहस्थ दोन दिवसांनी मला भेटायला आले. त्यांच्या परवानगीनेच पुढचे लिहितो. त्यांच्या मुलाने नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या धर्माच्या मुलीशी कोर्टात लग्न केले. चर्चमध्ये लग्न न झाल्याचे दुःख त्यांना आजही आहे, आणि ते दुःख मी हलके मानत नाही. नऊ वर्षांत त्यांनी सुनेचे तोंड पाहिलेले नाही. नातू सात वर्षांचा आहे. मुलगा विरारला राहतो. वसई रोड ते विरार, मधे एकच स्टेशन.

आपल्याला सर्वांत जवळचा दुसरा तारा 4.2 प्रकाशवर्षे दूर आहे. 1977 साली सोडलेले व्हॉयेजर यान सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने जात आहे. त्या वेगाने तेवढे अंतर कापायला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. आपली मुले ते अंतर एका नाटिकेत कापून मोकळी झाली, आणि आपल्याला एक स्टेशन ओलांडता येत नाही. ते गृहस्थ स्वतःच म्हणाले, "फादर, त्या पोरांच्या नाटकात परग्रहावरचा जावई चालतो. मग मीच असा का?"

त्यांनी मला विचारले, "नाताळात त्यांना घरी बोलावू का?" मी म्हणालो, "बोलावू नका. तुम्ही जा. देव आपल्याला वर बोलावत बसला नाही, तो खाली आला. थोडा फराळ न्या. उपदेश नेऊ नका. आणि एकदा जाऊन थांबू नका, पुन्हा जा." ते काही बोलले नाहीत. टोपी उचलून निघाले. हे पत्रक तुमच्या हाती पडेल तेव्हा ते जाऊन आले असतील की नाही, मला माहीत नाही. मी त्यांना विचारणारही नाही. तुम्ही त्यांच्यासाठी एक 'नमो मरिया' म्हणा.

मुलांनी नाटिकेत आता एक प्रवेश वाढवला आहे. अकराव्या दिवसाचा. परग्रहवासी पृथ्वीवर येतो, त्याला आपली हवा बाधते, तिची आई त्याला काय खायला घालावे म्हणून गोंधळते आणि दोघांचे पहिले भांडण होते. प्रवेश अजून नीट जमलेला नाही. येत्या शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये आवर्जून या आणि मुलांना समजून घ्या.

नाताळची रोषणाई लवकरच उतरेल. गोठा माळ्यावर जाईल. त्यानंतर आपल्या घरांत जे दिवस येतील, त्यांत प्रभू आपल्याबरोबर राहो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू