तोबियाचा प्रवास आणि आपली मुले



काही दिवसांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एक आई माझ्यासाठी चर्चच्या दाराशी थांबली होती. मुलीचे नर्सिंगचे शिक्षण पूर्ण झाले होते. बंगळूरच्या एका रुग्णालयात तिला नोकरीही मिळाली होती. पण एवढ्या लांब, रात्रीच्या गाडीने, एकटीने? आईचा जीव होईना. "फादर, तुमचं ती ऐकेल. जाऊ नकोस म्हणून सांगा," ती म्हणाली.

खरे सांगतो, काही वर्षांपूर्वी अशाच एका घरी मी 'जाऊ नकोस' असे सांगितले होते. मुलीने ऐकले. तशी संधी तिला पुन्हा आली नाही. ती आजही भेटते, हसून बोलते. पण माझ्या मनातली बोच गेलेली नाही. म्हणून या वेळी उत्तर देण्याआधी मी जुन्या करारातील तोबीतचे पुस्तक उघडले.

तोबीत निनवे शहरात परमुलखात राहत होता. दृष्टी गेलेली, घरात गरिबी. दूर माद्य देशात एकाकडे त्याने दहा तालांत चांदी ठेवली होती. ती आणायला मुलाला, तोबियाला, पाठवायचे होते. मुलगा म्हणाला, तो माणूस मला ओळखत नाही आणि मला रस्ता ठाऊक नाही. बापाने काय केले? 'देव आहे, जा' एवढेच म्हणून त्याला घराबाहेर काढले नाही. 'राहू दे, घरीच बस' असेही म्हटले नाही. त्याने ओळखीसाठी लेखी खूण दिली, भरवशाचा सोबती शोधायला सांगितले. सोबती आला तेव्हा त्याचे कूळ विचारले. कशाला हवी ही चौकशी, असे तो सोबती म्हणाला. तरी तोबीत मागे हटला नाही. उत्तर घेतले, रोजची मजुरी ठरवली आणि मगच आशीर्वाद दिला. तो सोबती म्हणजे साक्षात राफाएल देवदूत होता! देवदूताचीही चौकशी झाली आणि देवाला त्याचा राग आला नाही.

बंधुभगिनींनो, चौकशी म्हणजे अविश्वास नव्हे. मुलगी एकटी निघते तेव्हा प्रार्थनेबरोबर तयारीही हवी. गाडी शक्यतो उजेडी पोहोचणारी निवडा. उतरायचे कुठे, राहायचे कुठे, हे आधी फोन करून पक्के करा. डब्याचा आणि बर्थचा नंबर घरी लिहून ठेवा. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेस गाड्यांत स्लीपर वर्गात स्त्रियांसाठी सहा बर्थचा कोटा असतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? गाडीत अडचण आली तर १३९ आणि कुठेही संकट आले तर ११२ हे नंबर पाठ असू द्या. मोबाइल बंद पडतो, म्हणून घरचे नंबर कागदावरही लिहा. पैसे एकाच पाकिटात ठेवू नका. अनोळखी माणसाने दिलेले खाऊ नये आणि 'मी एकटीच आहे' हे कोणालाही सांगू नये. शेजारी बसलेल्याचे वागणे खटकले तर संकोच न करता टीसीकडे जागा बदलून मागावी.

पुढे तैग्रीस नदीवर एका मोठ्या माशाने तोबियावर झडप घातली. तो घाबरून ओरडला. राफाएल शेजारीच होता, पण त्याने स्वतः मासा पकडला नाही. 'धर त्याला' असे मुलालाच सांगितले. तोबियाने मासा धरला, ओढून काठावर आणला. आणि त्याच माशाच्या पित्ताने पुढे बापाचे डोळे बरे झाले! देव सोबत असतो, पण आपले हात तो बांधून ठेवत नाही. मुलांना एकदम लांब पाठवण्याआधी जवळचे प्रवास एकट्याने करू द्या. तिकीट त्यांनाच काढू द्या, रस्ता त्यांनाच विचारू द्या.

आता आईविषयी. तोबियाला परतायला उशीर झाला. वाटेत त्याचे लग्न ठरले होते. इकडे आई हन्ना रोज रस्त्याकडे डोळे लावून बसे, जेवत नसे. बाप दिवस मोजत होता. तोबियाला ते माहीत होते, म्हणून त्याने सासऱ्याकडे निरोप मागितला. मुलामुलींनो, घरी कोणीतरी दिवस मोजत आहे. पोहोचल्याचा एक फोन करा. उशीर होणार असेल तर तोही कळवा.

आणि आईवडिलांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलीने प्रवासातली अडचण सांगितली की 'तरी मी सांगत होते' असे आपण म्हणतो. तेवढ्या एका वाक्याने पुढच्या वेळी ती गप्प बसते. फोन केला तर परत बोलावतील, या भीतीने मुली संकट लपवतात. खरा धोका तिथे आहे. तिला एवढे कळू द्या, की फोन केव्हाही केला तरी आधी मदत मिळेल, रागावणे होणार नाही.

त्या आईला मी हेच सांगितले. बंगळूरच्या धर्मग्रामातील फादरांच्या नावे एक पत्रही मुलीजवळ दिले. तोबियाच्या हातात जशी बापाची खूण होती, तशी. आपल्या धर्मग्रामातून कोणी बाहेरगावी निघत असेल तर जरूर येऊन भेटा. आणि आपण स्वतः प्रवासात असताना कोणी एकटी, गोंधळलेली दिसली, तर तिच्यासाठी राफाएल होण्याची पाळी आपली आहे.

मागील आठवड्यात ती मुलगी गेली. आई स्टेशनवर रडली. हन्नाही रडली होती. पण आईने तिला जाऊ दिले.

प्रार्थना करू या: हे प्रभो, वाटेवर असलेल्या आमच्या लेकरांना सुबुद्धी आणि धैर्य दे, आणि घरी वाट पाहणाऱ्या आम्हांला शांती दे. आमेन.