वरच्या कडेला

एअरली बीचच्या धक्क्यावर पहिला हुकूम झाला तो पाठीवरची सॅक उतरवण्याचा. सतरा किलोचं ते बिऱ्हाड घेऊन मी दोन महिने ऑस्ट्रेलियात हिंडत होतो. बोटीवर न्यायला परवानगी एका मऊ पिशवीची: टॉवेल, पोहायचे कपडे, रात्री पांघरायला काहीतरी. चपलासुद्धा चढतानाच एका गोणीत गेल्या. देवळाबाहेर निदान नंबराचा बिल्ला तरी मिळतो.

बोट जुनी, शर्यतींमधून निवृत्त झालेली. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतच्या व्हिटसंडेच्या 74 बेटांमध्ये अशा बोटी बॅकपॅकर पोरांना दोन रात्री फिरवून आणतात. आपण प्रवासी आहोत, ही माझी समजूत स्किपरनं, म्हणजे आपल्याकडच्या तांडेलानं, तासाभरात मोडीत काढली. वाऱ्यानं बोट कलली की सगळ्यांनी वरच्या कडेला जाऊन, पाय बाहेर सोडून बसायचं. वाऱ्याची बाजू बदलली की मान वाकवून शिडाच्या आडव्या काठीखालून पलीकडच्या कडेला पळायचं. काम काय, तर वजन होणं. ‘भुईला भार’ हे विशेषण लहानपणी घरात बरंच ऐकलं होतं. भाराचीही कुणाला गरज पडते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी प्रवाळांवर पोहायला उतरलो, तर हुकूम नेमका उलटा. काही झालं तरी पाय टेकायचा नाही.

पोवळं म्हटलं की मला आजोबांच्या अंगठीतला मंगळाचा लाल खडा आठवतो. ते पोवळं वेगळ्या जातीचं. इथं पाण्याखाली सांबरशिंगांसारख्या फांद्या आणि मेंदूच्या वळ्या पसरलेल्या. तरंगत, श्वास रोखून अगदी जवळून पाहिलं, तर एकेका फांदीवर मोहरीएवढी शेकडो तोंडं. प्रत्येक तोंड म्हणजे एक प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाड्यानं राहतं, उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. पाणी फार तापलं की हा मालक भाडेकरूंना बाहेर काढतो, पांढराफटक पडतो आणि उपाशी बसतो. 2016 ते 2024 या काळात ग्रेट बॅरिअर रीफवर हे मोठ्या प्रमाणावर पाच वेळा झालं. त्या मोहरीएवढ्या जिवांवर माझा पाय पडला असता, तर त्यांना बाहेर काढायलाही काही उरलं नसतं. मी गुडघे पोटाशी घेतले.

जून 1770मध्ये कॅप्टन जेम्स कुक या बेटांमधून गेला. रविवारच्या एका ख्रिस्ती सणावरून त्यानं इथल्या सामुद्रधुनीला नाव दिलं. त्याच्या वहीतला वार इथल्या वारापेक्षा एक दिवस मागे होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याआधी हजारो वर्षं न्गारो लोक झाडाच्या सालीच्या हलक्या होड्यांतून याच पाण्यात फिरत होते. त्यांची चित्रं हुक बेटावरच्या गुहेत अजून आहेत. कुकचं जहाज मात्र जड होतं. पुढे बऱ्याच उत्तरेला, 11 जूनच्या रात्री हे एन्डेव्हर जहाज प्रवाळावर चढून बसलं. सहा तोफा, तळातलं लोखंड, दगड, पिंपं असं 40 ते 50 टन सामान खलाशांनी समुद्रात लोटलं. सकाळची भरती येऊन गेली, जहाज हललं नाही. रात्रीच्या भरतीनं एकदाचं उचललं.

पुढे एका नदीच्या मुखाशी जहाज कलतं करून तळ पाहिला, तर भोकात प्रवाळाचाच एक मोठा तुकडा बूच बसावं तसा रुतलेला. तो निखळला असता तर कुकची रोजनिशी तिथंच संपली असती. तोफा 1969मध्ये शोधून वर काढल्या आणि आता लोक त्या संग्रहालयांत जाऊन पाहतात. मला विचाराल तर पाहायचाच असेल तर तो तुकडा.

तिसऱ्या दिवशी सॅक परत मिळाली. खांदे तिला विसरले होते. संध्याकाळच्या बसमध्ये बसल्या बसल्या डोळा लागला. एका वळणावर बस कलली आणि मी अर्धवट झोपेत, मान वाकवून, पलीकडच्या सीटवर जाऊन बसलो. तिथं एक आजीबाई आधीच बसल्या होत्या.