‘म्हणे’चे भाषांतर

उपरोधाचे भाषांतर करताना तो उलगडून सांगावा का? प्रश्न वरवर शैलीचा दिसतो. आम्हांला तो नीतीचा वाटतो.

उझबेक भाषेत ‘एमिश’ असा शब्द आहे. वाक्यात तो आला की गोष्ट ऐकीव ठरते, आणि पुष्कळदा सांगणाऱ्याचा तिच्यावर विश्वास नाही हेही कळते. मराठीत त्याचा सख्खा भाऊ आहे : ‘म्हणे’. ‘साहेब म्हणे फार न्यायी आहेत’ एवढ्यावर आपण हसतो. इंग्रजीत ‘तथाकथित’ अशा अर्थाचा शब्द घातला, की ओठांच्या कोपऱ्यातले हसू उघड आरोप होऊन बसते.

अब्दुल्ला कादिरी हे उझबेक कादंबरीचे जनक मानले जातात. १९२३ साली निघालेल्या ‘मुश्तुम’ या विनोदी नियतकालिकात ते लिहीत. मुश्तुम म्हणजे मूठ. उर्दूतला ‘मुश्त’ तोच. त्यांचे एक पात्र, कल्वक महजूम, स्वतःच्या विद्वत्तेवर खूश आहे. त्याला हसण्याचे काम लेखकाने वाचकावर सोपवले आहे. १९२६ साली ‘मुश्तुम’मधल्याच एका उपरोधिक लेखावरून कादिरींना अटक झाली. पुढे स्टालिनच्या दमनसत्रात, ४ ऑक्टोबर १९३८ रोजी, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

‘तुम्हांला खरोखर काय म्हणायचे होते?’ हा चौकशी करणाऱ्याचा प्रश्न. अनुवादकानेही लेखकाकडून तोच कबुलीजबाब घ्यावा काय?

लेखक आता धोक्यापलीकडे गेला, मग आडपडदा कशाला, असे कुणी म्हणेल. शिवाय लंडनच्या वाचकाला त्या काळचे ताश्कंद ठाऊक नाही. टोमणा त्याला स्तुती वाटली, तर तोही लेखकाचा घातच. हे आम्हांला मान्य आहे. कादिरींच्या अखेरच्या दिवसांवर हमीद इस्माइलोव यांनी कादंबरी लिहिली. तिच्या नावात ‘जिन’ आणि ‘बज्म’ आहेत. २०१८ साली आलेल्या इंग्रजी अनुवादात त्याचे ‘सैतानांचे नृत्य’ झाले. नाव ठसकेबाज आहे. पण जिन सगळेच सैतान नसतात, आणि बज्म म्हणजे मैफल. अशा मंडळींना मैफलीचा मान देण्यातला तंज इंग्रजीत उरत नाही.

तेव्हा काळ, माणसे, धोके हे सारे अनुवादकाने प्रस्तावनेत मोकळेपणी सांगावे. वाक्य मात्र जसे अर्धे मिटलेले आहे तसेच ठेवावे. वर्गात विनोद समजावून सांगितला की मुले तो वहीत उतरवून घेतात, हसत नाहीत. उपरोध ही केवळ भित्र्याची लपायची जागा नव्हे. वाचकाच्या अकलेवर टाकलेला तो विश्वास आहे. लेखकाने जिवावर उदार होऊन टाकलेला हा विश्वास अनुवादकाने परस्पर काढून घेऊ नये.