आठ सिलिंडरांची आजी

१९६१ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांना दीड लिटरच्या इंजिनाची मर्यादा आली. श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझन भागात पोर्शेच्या कारखान्यात तेव्हा एक नवे इंजिन आकार घेत होते. चार सिलिंडर डावीकडे, चार उजवीकडे, सगळे आडवे. थंड ठेवायला पाणी नाही, डोक्यावर आडवा बसवलेला मोठा पंखा. सिलिंडरचा व्यास ६६ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ५४.६, म्हणजे आठ मिळून १४९४ सीसी, मर्यादेच्या जेमतेम आत.

खरी परीक्षा जुळणीची होती. झडपा उघडणारे चारही कॅमशाफ्ट फिरवायला साखळी नव्हती, लांब दांडे आणि बेव्हल गिअर होते. एका गिअरची फट केसभर चुकली, की त्यापुढच्या सगळ्यांचे टायमिंग हलायचे. मग उघडा, पातळ चकती बदला, पुन्हा मोजा, पुन्हा बंद करा. असल्या कामात घाई करणारा हात नजरेआड एक चूक ठेवून जातो आणि ती चूक भर वेगात बाहेर येते.

इंजिन सुरुवातीला अपेक्षेइतकी शक्ती देईना. शर्यती तर तोंडावर आलेल्या. पोर्शेने १९६१ चा सगळा हंगाम जुन्या चार सिलिंडरांच्या इंजिनावर काढला आणि नवे इंजिन कारखान्यातच ठेवले. मला या गोष्टीतला सगळ्यात मोठा निर्णय हाच वाटतो.

१९६२ च्या मे महिन्यात नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला ते पहिल्यांदा शर्यतीत धावले. पोर्शेचा चालक डॅन गर्नी याची गाडी शर्यत पुरी करू शकली नाही. मोनॅकोत तो सुरुवातीच्याच धडकेत बाहेर पडला. बेल्जियमच्या स्पा शर्यतीला कारखान्याच्या गाड्या उतरल्याच नाहीत. गाडीची न्यूरबुर्गरिंगवर कसून चाचणी झाली, दुरुस्त्या झाल्या.

८ जुलैला फ्रान्समध्ये रुआंला गर्नी सहाव्या जागेवरून निघाला. प्रतिस्पर्धी ग्रॅहम हिल आणि जिम क्लार्क यांच्या गाड्या अधिक वेगवान होत्या. क्लार्कचे सस्पेन्शन गेले, आघाडीवरच्या हिलच्या गाडीतही बिघाड झाला. गर्नी मात्र धावत राहिला आणि दुसऱ्या आलेल्या टोनी मॅग्सच्या एक फेरी पुढे राहून जिंकला. त्याला नशीब म्हणणारे आजही भेटतात. मला ते मान्य नाही. चालू राहणे हा इंजिनाचा गुण आहे, आणि तो शर्यतीच्या दिवशी येत नाही. जुळणीच्या टेबलावर येतो.

हंगाम संपल्यावर पोर्शेने फॉर्म्युला वन सोडले. इंजिन अडगळीत पडले असते. पण त्याच बांधणीचा दोन लिटरचा मोठा भाऊ आधीच एका उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये बसला होता. ती पोर्शेच्या १९५७ पासूनच्या ७१८ घराण्यातली. इतकी वर्षे राबली, की कारखान्यातले लोक तिला ‘ग्रोसमुटर’, म्हणजे आजी, म्हणू लागले. तरुण गाड्या बाद होत गेल्या आणि आजी घाट चढत राहिली. चालक एडगर बार्टने १९६३ साली तिच्या जोरावर युरोपातल्या घाट-शर्यतींचे विजेतेपद मिळवले, आणि १९६४ सालीही ते त्याच्याकडेच राहिले.