न पाहिलेला पर्वत

कास्पार डाव्हिड फ्रीडरिश याने ‘वाट्समान’ हे तैलचित्र १८२४-२५ मध्ये रंगवले. बव्हेरियातील हे शिखर त्याने कधीही पाहिले नव्हते; आल्प्समध्ये तो गेलाच नाही. शिखराची आकृती त्याने आपला शिष्य आउगुस्ट हाइनरिश याच्या जलरंगातील अभ्यासचित्रावरून घेतली आणि पुढचा खडक हार्त्स पर्वतात स्वतः केलेल्या जुन्या अभ्यासावरून. चुनखडीच्या शिखरापुढे ग्रॅनाइट आला तो असा. तैलरंगात स्वच्छंदतावादी पर्वतचित्र रंगवायला शिकणाऱ्याने हे चित्र समोर ठेवले, की तंत्राच्या आधी एक नैतिक प्रश्न उभा राहतो : जे पाहिले नाही त्याविषयीचा विस्मय रंगवणे ही अप्रामाणिकता नव्हे काय?

अनुभवाच्या प्रामाणिकपणाचा आपल्या समीक्षेतील रूढ निकष लावला, तर उत्तर फ्रीडरिशच्या विरोधात जाते. हाच पर्वत १८२४ मध्ये रंगवणाऱ्या लुडविग रिश्टरने तो मुलूख पाहिला होता. धबधबा, झाडी असे सारे त्याच्या चित्रात आहे. तरीही उदात्ताचा प्रत्यय येतो तो फ्रीडरिशच्या ओसाड चित्रात. १७९० मध्ये उदात्ताची मीमांसा करणाऱ्या कांटनेही आल्प्स पाहिलेले नव्हते. सोस्यूरच्या प्रवासवर्णनातला सव्हॉयचा शेतकरी त्याने उदाहरणादाखल घेतला आहे. हिमपर्वतांवर लुब्ध होणाऱ्यांना हा शेतकरी मूर्ख ठरवतो. कांटच्या मते उदात्त हे पर्वतात नसून मनात असते आणि त्यासाठी मनाचा संस्कार व्हावा लागतो. (शेतकऱ्याची बाजू कांटने जरा घाईने निकालात काढली, असे मला वाटते, पर्वत ज्याच्या जिवावर उठू शकतो, त्याला सुरक्षित अंतर कोठून मिळणार?) ते काहीही असो, रोज पाहणे पुरेसे नाही, एवढे यावरून दिसते.

येथे मर्ढेकरांची ‘लेखनगर्भ आत्मनिष्ठा’ ही कल्पना उपयोगी पडते. लेखकाची निष्ठा लेखनापूर्वीच्या अनुभवात नव्हे, तर लेखनाच्या प्रक्रियेत शोधावी, हा तिचा रोख चित्रालाही लागू करता येईल. तैलरंग वाळतो तो पाणी उडून जाते तसा नव्हे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि त्याला दिवस लागतात. खालचा थर कमी तेलाचा नसेल तर वरचा पुढे तडकतो. पारदर्शक थर इतका पातळ हवा, की खालचा उजेड त्यातून परत यावा. ही सक्तीची प्रतीक्षा विद्यार्थ्याला आपल्याच चित्राकडे पुन्हा पुन्हा पाहायला लावते. पण याच शिक्षणात एक धोका आहे. दूरचे डोंगर फिके, निळसर, कडा मऊ, पुढे गडद वृक्ष : हे सूत्र एकदा हातात बसले, की विस्मय तयार माल होतो. ‘वाट्समान’मध्ये सर्वांत दूरचे शिखरच सर्वांत उजळ आहे, नजरेला तेथवर नेणारी वाट नाही, माणूसही नाही. सूत्र ठाऊक असूनही ते येथे नाकारलेले आहे, आणि हा नकार पाहण्याऐवजी चित्र रंगवतानाच सुचू शकतो. विद्यार्थ्याची अप्रामाणिकता कोठे सुरू होते, हे यावरून ठरवावे. आल्प्स न पाहण्यात ती नाही. सूत्राने दिलेला परिणाम आपल्याला जाणवलेला म्हणून स्वीकारण्यात आहे.

मात्र या युक्तिवादाने एक गोष्ट सुटत नाही. हाइनरिश १८२२ मध्ये इटलीच्या वाटेवर वारला. शिखर त्याने पाहिले होते, आणि त्याच्या डोळ्यांनी पाहिलेले गुरूच्या नावाने ओळखले जाते. चित्रगर्भ निष्ठा कितीही निर्मळ असली तरी हे ऋण ती फेडू शकत नाही, कारण ते चित्राच्या बाहेरचे आहे. एका माणसाचे दुसऱ्या माणसाला असलेले. फ्रीडरिशची प्रत करणारा विद्यार्थी कॅनव्हासच्या मागे मूळ चित्रकाराचे नाव लिहितो. तेथे हाइनरिशचे नाव लिहिणारा अजून माझ्या पाहण्यात नाही.